दोन क्लिकचं काम

यशवंता,

तुझ्या दहाव्याला मी मुद्दाम मागं, खाडीच्या कडेला जाऊन उभा राहिलो होतो. तुझ्या चुलतभावानं तिथूनही ओढून पुढं आणलं. "हे आमच्या यशवंताचे इंजिनेर. मन्याची जागा यांनी काढून दिली," असं तो भटजींपासून सगळ्यांना सांगत होता. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. पाऊस भुरभुरत होता. कावळे माडावर बसून होते आणि एकही पिंडाकडं बघत नव्हता. कुणी म्हणालं, धाकटीच्या लग्नाचं सांगा. सांगितलं. कुणी म्हणालं, आईला सांभाळतो म्हणा. म्हटलं. कावळे ढिम्म. शेवटी तुझा नितीन पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, नारळी पुनव झाली, दर्या उघडला, की तुमाला मन्याकाकाच्या जागेवर नेतो. माजा शब्द."

कावळा खाली आला. बायकांनी डोळ्यांना पदर लावला, पुरुषांनी सुस्कारा सोडला. तुझं काय राहिलं होतं हे सगळ्या मांडवीला कळलं. ते कुणामुळं राहिलं, हे त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तेवढं माहीत होतं.

माझ्यामुळं राहिलं, यशवंता. हे वाक्य मी तुझ्या तोंडावर बोलायला हवं होतं. शाळेत तू म्हणायचास, सुध्याच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे खडपाला चिकटलेलं कालव सोडवणं. आता कोयता मारणारा राहिला नाही. मलाच माझं सोडवलं पाहिजे.

शिमगा आटपल्यावर तू दुकानात आलास. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, मासा.

"ओळखलंस काय?"

"आवाजावरून ओळखलं. पोट बघून नाही."

"आणि तुजे केस रे? खारवले काय?"

सातवीपर्यंत एका बाकावर बसलेली दोन माणसं. त्यानंतर तू बोटीवर गेलास, मी पुढं शिकून पुण्याला डिप्लोमा केला आणि परत आलो. एकाच गावात राहून इतकी वर्षं आपण बाजारात मान हलवून पुढं जात राहिलो. पण टेबलावर टॉवेल उलगडेस्तोवर तू गुरुजींच्या छत्रीचा विषय काढलाच. मांडवीच्या धक्क्यावर वाऱ्यात गुरुजींची छत्री धरायला आपल्याला दिली होती आणि ती दर्यात गेली. तू म्हणायचास मी सोडली. मी म्हणतो तू सोडलीस. पुढचे दोन महिने आपण त्यावर भांडलो आणि निकाल लागला नाही. खरं सांगू? मला आठवत नाही. भांडायला बरं वाटत होतं एवढंच.

टॉवेलात तुझ्या जुन्या बोटीवरचा प्लॉटर होता. समुद्रात बोट कुठं आहे ते दाखवणारा, आणि बोट चालवणाऱ्या तांडेलानं साठवलेल्या जागा लक्षात ठेवणारा. पडदा मेला होता, खाऱ्या हवेनं कडा खाल्ल्या होत्या, पण आतली आठवण जिवंत होती. ती बाहेर काढायची तर वायर जुन्या पद्धतीच्या, पिनांच्या पोर्टालाच लागायची, आणि कंपनीचा प्रोग्रॅम जुन्या विंडोजवरच चालायचा. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. मधे जोडणी घालूनही बघितलं, प्रोग्रॅम दाद देईना.

"म्हणजे जुनी मशीन लागेल," मी म्हटलं. "मिळणार नाही. बांधावी लागेल."

"नवीन जुनी?"

"नवीन जुनी."

"म्हंजे फळ्या जुन्या, बोट नवी. बांद की मग."

माझं दुकान तू बघितलंस. पाटीवर 'कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती' आहे, आत मोबाइलची कव्हरं लटकतायत. येणारं गिऱ्हाईक स्क्रीनगार्ड मागतं. मशीन उघडायला कुणी आणत नाही, नवीनच घेतात. बायको नातवापायी लोट्याला मुलाकडं जाऊन राहिलेली. घरी कुकर एका माणसाचा लागतो. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तू आलास तेव्हा तिथं कोण बसलं होतं, ते सांगतो.

माळ्यावरून एक कॅबिनेट काढलं, त्यात पालीची अंडी निघाली. मदरबोर्ड एका बंद पडलेल्या क्लासच्या मशीनचा. रॅम दुसऱ्याची, हार्डडिस्क तिसऱ्याची, फॅन असा वाजायचा की तू म्हणालास, "इंजिनात पाणी गेलंय ह्याच्या." तू स्टुलावर बसून स्क्रू सांभाळायचास. विंडोज चढलं आणि मी तुला डिव्हाइसची यादी उघडून दाखवली. जिथं काही जुळत नाही तिथं पिवळं चिन्ह लागलेलं असतं. आवाजाच्या कार्डाला पिवळं, नेटवर्कला पिवळं, डिस्प्लेला पिवळं.

"हे तर बावटे," तू म्हणालास. वादळाच्या इशाऱ्याला बंदरावर लावतात ते. तेव्हापासून दुकानात शिरताना तुझा पहिला प्रश्न ठरला. "आज किती बावटे?"

एकेक उतरवत गेलो. डिस्प्लेचा ड्रायव्हर एका ओरखडे पडलेल्या सीडीवर सापडला. ती सीडी तू धोतराच्या जुन्या तुकड्यानं पुसलीस आणि चालली. आवाजाच्या कार्डाला मी चुकीचा ड्रायव्हर घातला तेव्हा मशीन निळा पडदा टाकून मेली. तू उठून उभा राहिलास आणि हात जोडून चक्क गाऱ्हाणं घातलंस. "बा देवा म्हाराजा, ह्या सुध्याच्या हातून जी काय कळत-नकळत चूक झाली आसंल..." मी हसत हसत 'होय म्हाराजा' म्हटलं. समोरच्या झेरॉक्सवाल्या बाई बघायला बाहेर आल्या. माझ्या दुकानातून इतका आवाज कधी जात नसे.

पिनांच्या पोर्टाचा बावटा मात्र हटेना. पोर्ट आणि मशीनमधलं जुनं मोडेम कार्ड, दोघांना प्रोसेसरकडं जायला एकच वाट हवी होती. दोघांपैकी एक बोलायला लागला की दुसरा गप. "मग एकाला सांग ना, मागल्या दारानं ये," तू म्हणालास. मोडेमला मागलं दार नव्हतं. मी ते कार्डच उपटून काढलं. बावटा उतरला. तू माझ्या पाठीवर असा हात मारलास की चष्मा कीबोर्डवर पडला. इथपर्यंत, यशवंता, मी प्रामाणिक होतो. हे तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

मग आपण प्लॉटर जोडला, चालू केला, मशीन सुरू केली. पडदा उजळला आणि माउसचा बाण आपोआप धावायला लागला. माउसला कुणाचा हात लागला नव्हता. बाण वरच्या कोपऱ्यात उडी मारायचा, थरथरायचा, भलतीच खिडकी उघडायचा, पुन्हा खाली पडायचा. तू वायर उपटलीस, बाण थांबला. लावलीस, पुन्हा मशीन सुरू केली, तेच.

तू हळूच म्हणालास, "मन्या हाय."

मी हसलो. तू हसला नाहीस. त्या दुपारी तू मला धाकट्या भावाची गोष्ट सांगितलीस. तो बुडाला हे मला ठाऊक होतं, सगळ्या गावाला होतं. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता, हंगामाच्या शेवटाला वावटळ आली, बोट गुहागरच्या समोर खोल पाण्यात बुडाली. बाकीचे सापडले, मन्या नाही. पुढचं गावाला ठाऊक नव्हतं. काही वर्षांनी तुझं जाळं तळाशी अडकलं. फाटून वर आलं, त्यात फळीचा तुकडा होता. हिरवा रंग, त्यावर पिवळ्या रंगात नावाचं अर्धं अक्षर. तू ओळखलंस, मन्याच्या बोटीची फळी. खलाशांना म्हणालास, खडप आहे, इथं परत जाळं सोडायचं नाही. आणि प्लॉटरवर फुली मारलीस, जाळं अडकतं तिथं तांडेल मारतात तशी.

"आणि मग सगळी वर्षं त्या फुलीला वळसा मारत गेलो, सुध्या. का, तर जाळं फाटू नये. सख्ख्या भावाला वळसा."

नितीनच्या बोटीवर नवा प्लॉटर आला तेव्हा बाकीच्या जागा तू एकेक करून त्यात घातल्यास, फुली घातली नाहीस. त्या जागेचा आकडा पाठ केला नव्हतास, तोही मुद्दाम. आता बोटीवर जाणं सुटलं होतं, गुडघे गेले होते, आणि तुला एकदा तिथं जायचं होतं. बस. नारळ सोडायचा आणि इतकी वर्षं वळसा घातला म्हणून सांगायचं.

"लहानपणापासून एका जागी बसवत नसे त्याला," बाणाकडं बघत तू म्हणालास. "मी काय खुळा नाय. मशीनचं काय तरी आसंल. पण बग ना कसा करतोय."

दुसऱ्या दिवशी तू यायच्या आधीच मला कारण कळलं होतं.

साधं आहे, तुलाही समजलं असतं. विंडोज सुरू होताना पोर्टाला जोडलेल्या वस्तूला विचारते, तू कोण? तुझ्या प्लॉटरला ऐकायची सवय नव्हती. चालू झाला की त्याची आपली बडबड सुरू, उपग्रह दिसला, उपग्रह नाही दिसला. मशीनला वाटलं, इतका चुळबुळ करणारा हा माउसच. तिनं त्याला माउसचा ड्रायव्हर दिला आणि त्याचा प्रत्येक शब्द हाताची हालचाल समजून बाण हलवायला लागली. पोर्ट असं अडवलेलं, म्हणून तुझा प्रोग्रॅमही आत जाईना. इलाज एवढाच, यादीत तो खोटा माउस शोधायचा, उजवं बटण दाबायचं आणि तो बंद करायचा. दोन क्लिक.

मी केलं. बाण थांबला, प्रोग्रॅम उघडला, फुल्यांची यादी समोर आली. मग मी तो खोटा माउस पुन्हा चालू केला आणि चहा सांगायला बाहेर गेलो.

का केलं, ते नीट सांगायचा प्रयत्न करतो. पहिल्या दिवशी मनात एवढंच होतं की आज आणखी एक दुपार बसू. तू आलास, बाण नाचताना बघून तुझा चेहरा कसा तरी झाला, आणि आपण पुन्हा मन्याबद्दल बोललो. तो भाताच्या पेजेत साखर घालून खायचा, त्याला शिट्टी येत नसे, असं काय काय. त्याचं नाव तू घरात कुणापुढं काढत नव्हतास, माझ्यापुढं काढत होतास. आणि मी पुन्हा कुणाचा तरी इंजिनेर होतो. मग दुसरी दुपार. मग तिसऱ्या दुपारी सांगायचं तर दोन दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं.

आमच्या धंद्यात एक शब्द असतो, उद्या. पार्ट उद्या येतोय, उद्या बघतो, उद्या या. गिऱ्हाइकाला तो आम्ही इतक्या वेळा देतो की तोंडाला त्याची चव राहत नाही. तुला मी तो रोज दिला. कधी म्हटलं बॅटरी उतरली, कधी म्हटलं ड्रायव्हर मुंबईहून मागवलाय. असला ड्रायव्हर जगात नाही. एकदा तर तू यायच्या वेळेला मी रॅम खाचेतून अर्धी उचलून ठेवली. मशीन नुसती बीप करत बसली आणि तू स्टुलावर हनुवटी टेकून म्हणालास, "आज हिला बरं नाय."

ह्याहून वाईट पुढं आहे. एका दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं, तू सारखं विचारत होतास, आणि मला माझाच राग आला. तो मी तुझ्यावर काढला. "तुझ्या ह्या डब्यातच मीठ बसलंय," मी म्हटलं. "सडकी वस्तू आणायची आणि वर आम्हाला विचारायचं, होईल काय, होईल काय." तू प्लॉटर टॉवेलात गुंडाळून घरी गेलास. दुसऱ्या दिवशी आलास तेव्हा त्याची एकेक पिन दात घासायच्या ब्रशनं साफ केलेली होती, चकचकीत.

"माज्याच वस्तूत खोट व्हती रे," तू म्हणालास. "तुला उगाच तरास."

तू माझी माफी मागितलीस, यशवंता.

मे संपत आला. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून बोटी वर काढायची घाई सुरू झाली. त्या दिवशी तू स्टुलावर बसला नाहीस, दारातच उभा राहिलास.

"परवा नितीन शेवटची फेरी मारतोय. गुहागरच्या अंगालाच जातोय. मला नेतो म्हणालाय. पण आकडा नसंल तर जाऊन करू काय?"

मी स्क्रीनकडं बघत होतो.

"सुध्या, होईल काय रे? खरं सांग. नसंल होत तर नाय म्हण. मी गप बसतो."

माझा हात माउसवर होता. खऱ्या माउसवर. तू इतका सोपा रस्ता दिला होतास. मी म्हणू शकलो असतो, थांब, एक गोष्ट करून बघतो. दोन क्लिक करून चकित झाल्याचं सोंग तरी आणता आलं असतं. मी ते सोंगही केलं नाही. मला वाटलं आकडा मिळाला की तू टॉवेल उचलशील, स्टूल कोपऱ्यात जाईल, आणि उद्यापासून स्क्रीनगार्ड.

"उद्या बघू," मी म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. सकाळच्या गाडीनं लोट्याला गेलो. बायको म्हणाली, असे कसे अचानक? म्हटलं, नातवाची आठवण आली. पोराला मांडीवर घेऊन गॅलरीत बसलो, कंपनीच्या बसमधून शिफ्टची माणसं उतरत होती ती मोजल्यासारखी बघत राहिलो. तुझा फोन आला, मी उचलला नाही. तू दुकानाच्या बंद शटरसमोर बराच वेळ उभा होतास, हे नंतर झेरॉक्सवाल्या बाईंनी सांगितलं.

परत आलो तोवर मिरकरवाडा बंदरात बोटी वर ओढून झाल्या होत्या. मग मी तुला फोन केला. आता आकडा देण्यात मला काही धोका नव्हता, दर्या बंद होता, म्हणजे पुनवेपर्यंत तू येत राहणार होतास. असा हिशोब मी मनात मांडला होता. तो मांडताना मला लाज वाटली नव्हती, ती आता वाटते.

"नवीन ड्रायव्हर मिळाला," मी सांगितलं आणि तुझ्यादेखत दोन क्लिक केले. बाण थांबला. तू खुशीत येशील असं मला वाटलं होतं. तू त्या गप्प बाणाकडं बघितलंस आणि म्हणालास, "गेला वाटतं."

तेव्हा तरी सांगायचं. तेव्हा सांगितलं असतं, की तो मन्या नव्हता आणि मला पहिल्यापासून माहीत होतं, तर तू चार शिव्या घालून, आठ दिवस रुसून, पुन्हा आला असतास. तुझ्या शिव्या मला आठवतात, त्या मला चालल्या असत्या.

फुल्यांची यादी उघडताना तू आधी म्हणालास, "तोंड तिकडं कर." तांडेल आपल्या जागा कुणाला दाखवत नाहीत, मला माहीत होतं. मी तोंड फिरवलं. मग तूच म्हणालास, "नको, बग. तुज्यापास्नं काय लपवायचं?" तुझं बोट खाली खाली सरकत एका ओळीवर थांबलं. ना नाव, ना खूण, नुसते आकडे. तू ते मोठ्यानं वाचलेस. चष्मा नव्हता म्हणून पुन्हा मला वाचायला लावलेस. आकडा घरी नेला नाहीस. "दर्या उघडंस्तोवर तुज्याकडंच आसूदे. तुज्याकडं नीट राहील."

त्यानंतर तू मांडवीभर माझं नाव केलंस. मच्छीबाजारात बायका मला बघून सरकून जागा द्यायच्या. एका कोळणीनं, मी घ्यायला गेलो त्यापेक्षा चांगली सुरमई पिशवीत घातली आणि म्हणाली, "यशवंतदादाचं काम केलंस, बाबा." ती सुरमई मी शेजारी देऊन टाकली.

आषाढात एका सकाळी तू चहा पिऊन पुन्हा आडवा झालास आणि उठला नाहीस. नितीनचा फोन आला तेव्हा मी दुकानात तुझं स्टूल पुसत होतो.

आता एक गोष्ट मला सारखी छळते. तुला कळलं होतं का? पिना घासून आणलेला माणूस, अख्खा जन्म दर्यावर कोण खरं बोलतं, कोण नाही हे बघण्यात गेलेला, त्याला एका दुकानदाराचं 'उद्या' ओळखू आलं नसेल? कधी वाटतं, कळलं होतं आणि तूही माझ्यासारखाच त्या दुपारींना धरून होतास. असं मानलं तर झोप लागेल. पण त्या दिवशी दारात तू 'खरं सांग' म्हणालास, तो आवाज मला अजून ऐकू येतो. तो ठाऊक असलेल्या माणसाचा नव्हता. म्हणून मी तसं मानणार नाही.

तेराव्यानंतर नितीन दुकानात आला. तुझ्या अस्थींतला थोडा भाग त्यानं राखून ठेवलाय, पुनवेनंतर पहिल्या फेरीत त्या जागेवर सोडायला. "काका, तो आकडा हवा होता," म्हणाला. तुझ्याच स्टुलावर बसला. मी आकडा काढला नाही. बाकी सगळं सांगितलं. बाण, दोन क्लिक, रॅम, लोटे. माझं बोलणं किती वेळ चाललं कोण जाणे, मी आयुष्यात इतकं सलग बोललो नव्हतो.

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं खाली बघत एवढंच म्हटलं, "त्या आठवड्यात दर्या तळ्यासारखा होता, काका."

आणि आकडा न घेताच गेला.

काल वहिनी आल्या. नितीन बाहेर मोटारसायकलवर, हेल्मेट न काढता. मी उभा राहिलो, पुन्हा सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"मला कशाला सांगताय, भावजी? माजा काय संबंध? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. बोटीत या."

मी स्टूल पुढं सरकवलं. त्या बसल्या नाहीत.

"दुपार झाली की धुतलेला शर्ट घालून निघायचे तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "मी चिडवायची, कुणाला बघायला निघालात म्हणून. बोट सुटल्यापास्नं भिंतीकडं बघत बसायचे, ते तुमच्यामुळं माणसात आले. हे पण खरं. पण म्हणून मी माफ केलं असं समजू नका. ते माज्या हातात नाय."

पायरी उतरताना त्या थांबल्या. "आणि तिथं रडू नका. पोराचं लक्ष उडतं."

मला समुद्र लागतो, यशवंता. धक्क्याच्या पुढं मी कधी गेलो नाही. तिथं पोचल्यावर नितीन इंजिन मंद करील, आणि तुम्हा दोघा भावांपुढं मला तोंड उघडावं लागेल. हे लिहून काढलं ते त्यासाठीच. लाटेत वाचता आलं नाही तर पाठ असावं. पेजेतली साखर, शिट्टी, स्टुलावर टेकलेली हनुवटी, जे तू मला दिलंस तेही सांगीन, पण नंतर. आधी माझं.

काल वहिनी निघाल्या तसा मी त्यांच्यामागून रस्त्यावर गेलो. नितीननं गाडीला किक मारली होती.

"पुनवेनंतरच्या पहिल्या फेरीला अंधारातच निघायचं, काका," समोर बघत तो म्हणाला. "मिरकरवाड्याच्या जेटीवर या. उशीर केलात तर मी थांबणार नाय."

"नको थांबूस," मी म्हटलं, आणि तुझा आकडा लिहिलेला कागद त्याच्या खिशात घातला. आता मी गेलो नाही तरी बोट जाईल.